जीपखाली

मागच्या शेडमधली जीप भंगारवाल्याला देऊन टाकायची आणि तिथे आपलं शिलाई मशीन मांडायचं, असं तिने ठरवलं होतं. सोफ्याची कव्हरं, गाद्या, गाड्यांच्या सीटा शिवायचं तिचं काम घराच्या पुढच्या खोलीत चालायचं आणि फोमचे तुकडे पार स्वयंपाकघरापर्यंत पोचले होते. एकदा तर एक भाजीतही निघाला. शेड मोकळी झाली तर घर घरासारखं राहील, एवढाच विचार होता. भंगारवाल्याला बोलावण्याआधी नणंदेच्या कानावर घालावं म्हणून तिने फोन केला, आणि तिथेच फसली. संध्याकाळपर्यंत वन्सं बॅग घेऊन दारात हजर.

वन्सं म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. बस, ट्रक, टँकर चालवणाऱ्यांना शिकवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. घाटात एकदा बसचा ब्रेक गेला, शेजारी बसलेल्या शिकाऊ ड्रायव्हरची बोबडी वळली, तेव्हा वन्संनी स्टिअरिंग हातात घेऊन गाडी गिअरवर आवळत, डोंगराच्या अंगाला घासत थांबवली, आणि खाली उतरून आधी चहा कुठे मिळेल ते विचारलं, अशी गोष्ट घरात सांगितली जायची. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते.

"भंगारात नाही द्यायची," त्यांनी चप्पल काढता काढताच सांगितलं. "मी चालू करून देते. मग विक, वापर, काय करायचं ते कर."

जीप नवऱ्याने हौसेने आणलेली. त्याच्या जन्माच्याही आधीची. कधीकाळी कुठल्या तरी खाणीवर राबलेली, चारही चाकांना जोर लावून चिखलातून वर चढणारी. त्याने ती सुटी केली, घासली, पुन्हा जोडायला घेतली, आणि मग दुखण्याने त्याला अंथरुणाला खिळवलं. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली तशीच उभी होती, टायर बसलेले, बॉनेटवर मांजरांचे पाय उमटलेले.

भावजय मुळात भित्री. नवरा तिला 'ससाबाई' म्हणायचा आणि ते नाव सासरी सगळ्यांनी उचललं होतं. गॅस बंद केलाय का हे बघायला ती फाटकापासून परत यायची. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही शिट्टीला दचकायची. जीपला तर ती बंद असतानाही घाबरायची. पण वन्संना नाही म्हणायलाही ती घाबरायची, आणि हे घाबरणं जास्त जुनं होतं.

काम सुरू झालं. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घरटं केलेलं निघालं, त्यात तिच्याच कामातल्या फोमचे तुकडे. वन्सं हसून हसून खोकल्या. त्यांनी कार्ब्युरेटर उघडून धुतला, प्लग घासले, गंजलेली वायर ओढून नवी टाकली. पेट्रोलची टाकी आतून खवले सोडत होती म्हणून एक बाटली बॉनेटच्या बिजागरीला टांगून तिच्यातून नळी सोडली. चावी कधीच हरवली होती, तेव्हा डॅशबोर्डखालच्या दोन वायरी एकमेकींना पिळल्या. भावजय दिवे धरायची, पाने द्यायची, आणि मधल्या वेळात जीपसाठी कॅनव्हासचं छप्पर शिवायची. ते काम तिला जमणारं होतं.

ब्रेक बघायला पुढचं उजवं चाक काढलं, त्या दिवशी दोघींचं थोडं वाजलं. वन्संनी जॅक लावून जीप उचलली आणि जॅकच्या जोडीला दोन-चार जुन्या विटा रचल्या. भावजयीला ते बघवेना. तिने काढलेलं चाक ओढत आणलं आणि जीपच्या पोटाखाली आडवं सारलं. वन्संनी विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, असू दे, मला बरं वाटतं. वन्सं म्हणाल्या, आता त्याच्यावर एक उशीही ठेव. पण चाक त्यांनी काढलं नाही.

इंजिन सुरू झालं ते एका सकाळी, जीप अजून जॅकवरच असताना आणि दोघींच्याही ध्यानीमनी नसताना. वन्संनी नुसतं बघू म्हणून वायरी जुळवून, सीटवर बसून पायाखालचं बटण दाबलं. जीप दोनदा कण्हली, एकदा खोकली, आणि मग शेडचे पत्रे थरथरवत धडधडायला लागली. काळा धूर दारातून बाहेर गेला. वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते धुराचं होतं असं त्या म्हणाल्या. भावजय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नवऱ्याने हा आवाज कधी ऐकला नाही, एवढंच तिच्या मनात आलं. मग ते थरथरणारं धूड बघून तिने बंद करा म्हणून हाताने खूण केली.

पण वन्संना खालून काहीतरी खडखडताना ऐकू आलं होतं. क्लचचा दांडा सैल आहे, चालू असतानाच बघते, एक मिनिट, असं म्हणत त्या खाली उतरल्या, गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत जीपखाली गेल्या.

विटेचा आवाज आधी आला. वाळका टोस्ट मोडावा तसा. मग जॅक कलंडला आणि जीप त्या कोपऱ्यावर खाली बसली. खूप जोराचा आवाज झालाच नाही, आणि त्यामुळेच काय झालं ते कळायला भावजयीला वेळ लागला. इंजिन चालूच होतं. जीपखालून दोन पाय बाहेर होते. ते हलले, टाचा जमिनीवर घासल्या आणि थांबले.

तिने वाकून बघितलं. जीपचा मधला आडवा दांडा वन्संच्या उजव्या दंडावर आणि छातीच्या वरच्या भागावर टेकला होता. पुरता बसला नव्हता. पोटाखाली सारलेल्या त्या चाकाच्या कडेवर जीपची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, अडकली होती, आणि चॅसी आणि जमीन यांच्यात उरलेल्या जागेत वन्सं होत्या. चेहरा तिच्याकडे वळलेला, पांढरा फटक, तोंड उघडं.

ती किंचाळली. किंचाळत दारात गेली. शेडच्या मागच्या भिंतीला लागूनच लाकडाची वखार होती आणि तिथली करवत एका लांब ओंडक्यातून चालली होती. स्वतःचं किंचाळणं तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. वखारीत जायचं तर पुढून रस्त्याला वळसा घालून जावं लागायचं. ती दोन पावलं गेली, आणि मागे वळून बघितलं तेव्हा तिला दिसलं की चाक हलतंय.

इंजिन थरथरत होतं, तशी जीप थरथरत होती, आणि त्या थरथरण्याने चाक शेडच्या उतारावर केसाकेसाने बाहेर सरकत होतं. ती परत आली. आपण वखारीत पोचेपर्यंत चाक निसटेल, एवढं तिला कळलं. बाकी काही सुचत नव्हतं.

"बंद कर," वन्संचा आवाज आला. बारीक, पोटातून काढलेला. "लाल वायर. वर चढू नको. हात पण टेकू नको जीपला."

डॅशबोर्ड आत होता. जीपला दारं नव्हती, पण डॅशबोर्डखाली हात घालायचा तर आत वाकावं लागणार, आणि वाकलं की भार पडणार. ती डाव्या बाजूने गेली. एक हात पाठीमागे घट्ट धरला, चुकून टेकेल म्हणून, आणि दुसरा आत घातला. हात पोचेना. ती चवड्यांवर उभी राहिली. पोट जीपच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर होतं आणि तो पत्रा तिच्या पोटापुढे गुरगुरत होता. बोटांना पिळलेल्या वायरी लागल्या, पण त्यांच्यावर चिकटपट्टी होती आणि बोटं घामाने निसरडी झाली होती.

तिच्या कमरेच्या पिशवीत कापड कापायची मोठी कात्री होती. ती कायमच असायची. वायर कात्रीने कापली तर आपल्याला करंट लागेल आणि आपण इथेच चिकटून मरू, याची तिला पक्की खात्री होती. मग वन्संनाही कुणी काढणार नाही. तिने डोळे मिटले, उघडले, कारण मिटून वायर दिसत नव्हती, आणि गाठीच्या वर लाल वायर कात्रीत धरून दाबली. ठिणगी उडाली. इंजिन एकदा गचकलं आणि बंद पडलं.

शांतता झाली असती, पण करवत चालूच होती.

मागच्या चाकांना तिने दगड लावले, दोन्हीकडून. मग जॅक ओढून घेतला. तो स्क्रूचा होता, दांडा घालून फिरवायचा. विटांवर आता तिचा विश्वास नव्हता. कापड बेतायचा तिचा जाड फळकुटाचा पाट भिंतीला उभा होता, तो तिने आडवा टाकला आणि त्याच्यावर जॅक ठेवला. कुठे लावायचा, हे तिने ओरडून विचारलं. स्प्रिंगखाली, लोखंडी पट्ट्यांचा जाड जुडगा आहे तिथे, असं वन्सं तुटक तुटक म्हणाल्या. कुठल्या बाजूला फिरवू, हे तिने विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही.

"वन्सं."

तिने आणखी खाली वाकून हाक मारली.

"अहो वन्सं, कुठल्या बाजूला?"

जॅक उलटा फिरवला तर तो खाली जाईल आणि वेळ जाईल, बाकी काही होणार नाही, हे तिला नंतर सुचलं. त्या क्षणी तिला वाटत होतं की चुकीच्या बाजूला एक फेरा म्हणजे सगळं संपलं. तिने दांडा घातला आणि हळूच फिरवला. जॅकचं डोकं वर आलं. तिने आणखी फिरवलं. डोकं स्प्रिंगला टेकलं आणि तिथून पुढे दांडा जड झाला. लोखंड करकरलं. प्रत्येक करकरीला तिला वाटायचं की सगळं परत खाली येणार, आणि ती थांबायची, आणि थांबल्यावर वन्संचा श्वास ऐकू येतोय का बघायची. करवतीमुळे काहीच ऐकू येत नव्हतं. मग ती पुन्हा फिरवायची. ती काहीतरी बोलत होती, बहुतेक नवऱ्याला शिव्या देत होती. आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या.

जीप बोटभर उचलली. मग आणखी. शेडमध्ये कोपऱ्यात वखारीतून आणलेले जळणाचे ओंडके होते, त्यातले जाडे ओंडके तिने चॅसीखाली सारले, एकेक हाताने दाबून बघत. मग ती वन्संच्या पायांपाशी बसली, दोन्ही घोटे धरले आणि ओढलं. वन्सं हलल्या नाहीत. तिने स्वतःच्या टाचा जमिनीत रोवल्या आणि सगळं अंग मागे टाकलं. गोणपाटासकट वन्सं सरकल्या. कमर बाहेर आली, छाती आली, एक हात विचित्र वळलेला. मग डोकं. डोळे उघडे होते.

"हळू," वन्सं म्हणाल्या.

त्यानंतर ती वखारीकडे धावली. अनवाणी धावली हे तिला संध्याकाळी कळलं. वखारवाल्याने करवत बंद केली, आपला टेम्पो काढला, माणसं आणली. दवाखान्यात नेईपर्यंत टेम्पोच्या हौद्यात वन्संचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि खड्डा आला की दोघी एकदम डोळे मिटायच्या.

दंड दोन ठिकाणी मोडला होता. बरगड्यांना तडे गेले होते. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडं खाली आलं असतं तर आपण बोलत नसतो. भावजयीने ते ऐकून भिंत धरली. वन्सं छताकडे बघत राहिल्या.

प्लॅस्टर घालून वन्संना तिने आपल्याच घरी आणलं. तिला वाटलं होतं की त्या दुसऱ्याच दिवशी आरडाओरडा करतील, कामाला लागू म्हणतील. पण वन्सं गप्प झाल्या. मागच्या खोलीच्या खिडकीतून शेड दिसायची म्हणून त्या पुढच्या खोलीत झोपायला लागल्या, शिलाई मशीनच्या शेजारी. वखारीतली करवत सुरू झाली की हातातला कप खाली ठेवायच्या. न्हाणीघराचं दार लावून घेत नसत. एकदा भावजयीने कपाट ओढलं, ते जरा घासलं, आणि वन्संना दरदरून घाम फुटला. आयुष्यभर ज्या बाईला कशाची भीती म्हणून माहीत नव्हती, तिला भीतीशी कसं वागायचं तेच माहीत नव्हतं. भावजयीला ते रोजचं होतं. दिवा चालू ठेवायची, दार लोटून न घेता किलकिलं ठेवायची, आणि आवाज करायचा असला की आधी सांगायची.

एका दुपारी वन्संनी मान खाली घालून सांगितलं, भंगारवाल्याला बोलव, तुझंच बरोबर होतं. भावजय हो म्हणाली. फोन हातात घेतला. आणि तो न लावताच ठेवून दिला. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. ती शेड आता रोज तिच्या डोळ्यांपुढे यायची. जीप त्या ओंडक्यांवर तशीच लंगडी उभी होती, आणि ती तशी उभी आहे तोवर वन्सं तिच्याखालीच आहेत असं तिला वाटायचं.

तिने भक्कम लोखंडी स्टँड आणले. जमिनीवर उतार होता तिथे वखारवाल्याकडून फळ्या ठोकून घेतल्या. जीप चारही बाजूंनी टेकवली, आणि मग दोन्ही हातांनी हलवून बघितली, रोज, तीनतीनदा. ब्रेक घालायला गावातला मेकॅनिक आला आणि चाक बसवून गेला. पण क्लचचा तो दांडा सैलच होता. मेकॅनिक म्हणाला, उद्या येतो. आठवडा उलटला तरी त्याचा उद्या उगवला नाही.

तेव्हा ती स्वतः गेली. वन्संना सांगितलं नाही. गोणपाट अंथरलं, पाठीवर आडवी झाली, आणि अर्धा तास तशीच पडून राहिली, डोकं बाहेर, हातात पाना. मग डोळ्यांसमोर काळं लोखंड येईपर्यंत सरकली. तेलाचा वास नाकात गेला. नाकापासून वीतभर वर ती सगळी जीप होती. पाना दोनदा बोल्टवरून निसटला.

पावलं वाजली. दारात थांबली. मग तिच्या पायाला हात लागला. गरम, ओला. वन्सं जमिनीवर बसल्या होत्या आणि चांगल्या हाताने त्यांनी तिचा घोटा घट्ट धरला होता.

"काय करताय?" तिने खालून विचारलं.

"काही नाही. तुझं चालू दे."

"घोटा दुखतोय माझा."

"दुखू दे. पडलंच काही तर ओढता येईल."

"एका हाताने?"

"एका हाताने," वन्सं म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते, ते तिला खाली ऐकू येत होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "दांड्याला पिन आहे का बघ. वाकडी झालीय?"

होती. तिने चाचपून सांगितलं. वन्सं सांगत गेल्या, आवाज तुटत होता पण शब्द बरोबर होते: ती काढ, नवी घाल, टोक उलटं वळव, आता हलवून बघ. दोघी घाबरलेल्या होत्या, आणि काम होत होतं. ती बाहेर आली तेव्हा घोट्यावर पाच बोटं उमटली होती.

वन्संचं प्लॅस्टर निघाल्यावर जीप रस्त्यावर काढली. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. चालवायला भावजय बसली. वन्संचा हात अजून वर होत नव्हता, आणि शिवाय त्यांनी सांगितलं, मी नाही. गेले काही दिवस त्या तिला अंगणातच पुढे-मागे करायला शिकवत होत्या. कॅनव्हासचं छप्पर फडफडत होतं. ती पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जायलाच तयार नव्हती. शेजारी वन्संचा उजवा पाय जिथे ब्रेक नव्हता तिथे दाबून धरलेला.

नदीवरच्या पुलाच्या चढावर मागून ट्रक आला, हॉर्न वाजवला, आणि तिने दचकून पाय काढला. जीप बंद पडली. आणि मागे सरकायला लागली.

आरशात ट्रकचं तोंड मोठं होत होतं. तिने ब्रेकवर दोन्ही पाय घातले. जीप थांबली, पण आता पाय उचलायचे कसे तेच तिला कळेना. उचलले तर मागे जाणार. तिने वन्संकडे बघितलं. वन्सं समोरच्या दांड्याला धरून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"वन्सं, सांगा ना."

वन्संनी डोळे उघडले नाहीत. पण बोलल्या, हळू, एकेक शब्द, घाटातल्या शिकाऊ पोरांशी बोलत असतील तसं. हँडब्रेक ओढ. उजवा पाय आता सोड, काही होणार नाही. क्लच दाब. बटण. आवाज आला? थोडं पेट्रोल दे. क्लच हळूहळू सोड, सोड, सोड, ओढ लागली की थांब. लागली? आता हँडब्रेक खाली.

जीपने एक गचका दिला आणि पुढे गेली. पुलाच्या माथ्यावर आली तेव्हा भावजय रडत होती आणि तिला डोळे पुसायला हात सोडता येत नव्हता. वन्संनी पदराने पुसले.

शेवटी जीप विकली नाही. सोफे, गाद्या पोचवायला ती कामाला आली. वन्सं परत आपल्या घरी गेल्या नाहीत. शेडमध्ये भावजयीचं मशीन लागलं आणि पुढच्या खोलीत वन्संची कॉट कायमची राहिली. त्या पुन्हा कुठल्याच गाडीखाली गेल्या नाहीत आणि त्याबद्दल कुणाला काही सांगितलंही नाही. भावजय अजून घाबरते. बटण दाबण्याआधी ती रोज खाली उतरते, जीपभोवती एक फेरी मारते, गुडघ्यावर बसते आणि खाली वाकून बघते. वन्सं तोवर शेजारच्या सीटवर बसून असतात. उशीर होतोय म्हणून त्यांनी तिला कधी टोकलं नाही.